साच्याच्या आधी आकार लागतो

गाडीचा बंपर चिरला, मडगार्ड गंजलं, डॅशबोर्ड तडकला की हल्ली गॅरेजवाला एकच सांगतो, "पूर्ण पार्टच बदलून टाका." गाडी नवी असेल तर ठीक आहे. कंपनी पार्ट देते, पैसे घेते, विषय संपतो. पण जिची कंपनीच बंद पडली, जिचा पार्ट चोर बाजार पालथा घालूनही मिळत नाही, अशा गाडीचं काय? तिचा पार्ट कुणीतरी नव्याने घडवावा लागतो. आधी हाताने हुबेहूब आकार उभा करायचा, त्यावरून साचा घ्यायचा आणि मग साच्यात फायबर भरून पार्ट काढायचा. मुंबईच्या गिरणगावात, डिलाईल रोडवर मी आयुष्यभर हेच काम केलं. फायबर भरायला वसई आहे, भिवंडी आहे, तिथे जागाही आहे. आकार घडवण्याचं काम मात्र गिरणगावातून उठलं तर ते दुसरीकडे नीट रुजणार नाही, आणि आपण ते मुकाट्याने उठू देतोय. हा शहराचा करंटेपणा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकांना वाटतं, फायबरचं काम म्हणजे रेझिन, मॅट आणि ब्रश. तो भाग चार महिन्यांत कुणीही शिकतो. खरं काम त्याच्या आधीचं. ज्या नगावरून साचा निघतो त्याला आम्ही मास्टर म्हणतो. साचा मास्टरवरचा नखाचा ओरखडासुद्धा उचलतो आणि पुढच्या प्रत्येक नगावर उमटवतो. मास्टर घाईत उरकला की त्या घाईची शिक्षा शंभराव्या नगालाही भोगावी लागते.

साठच्या दशकातल्या फियाटचं पुढचं उजवं मडगार्ड घ्या. उजवं पार सडलेलं, डावं ठोकून ठोकून वाचलेलं. मग डाव्यावर दर चार इंचांवर पुठ्ठ्याचे फर्मे कापायचे, ते उलटे करून प्लायवर उतरवायचे आणि पाटावर गुण्यात उभे करायचे. होडीच्या फासळ्या असाव्यात तसा सांगाडा तयार होतो. मधली पोकळी थर्माकोलने किंवा पी.यू. फोमने भरायची. थर्माकोल स्वस्त, पण पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवतं. वर प्लास्टरचा थर न देता रेझिन लावलं तर नवशिक्याचा मास्टर त्याच्या डोळ्यांदेखत खचतो.

त्यानंतर पुट्टी, आणि पुट्टीनंतर घासणं. कागद बोटांत धरून घासणारा पोरगा मी पहिल्याच दिवशी थांबवतो, कारण बोटांच्या दाबाने खळगे पडतात. लांब लाकडी पट्टीला कागद चिकटवायचा आणि तिरकं घासायचं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग काळ्या रंगाचा विरळ फवारा मारून पुन्हा पट्टी फिरवायची. उंचवट्यांवरचं काळं निघून जातं, खळग्यांत राहतं. जिथे काळं तिथे पुट्टी. 80 नंबरच्या कागदापासून 120, 220, 400 करत पाण्यातल्या हजार नंबरपर्यंत जायचं. शेवटी अंगाला चकाकी आली की भिंतीवर एक लांब ट्यूब लावायची आणि मास्टरमध्ये तिचं प्रतिबिंब बघायचं. उजेडाची रेघ अंगावरून अखंड वळत गेली तर पास. कुठे थरथरली तर तिथे लाट आहे, मग फूटपट्टी काहीही सांगो. जिथे ट्यूब पोचत नाही तिथे सुती हातमोजा घालून तळहात फिरवायचा. उघडा हात अडखळतो, मोज्यातला हात सरकतो आणि लाट बरोबर पकडतो.

एवढ्यावर भागत नाही. साच्यातून नग सुटायला हवा, म्हणून प्रत्येक उभ्या काठाला किंचित कल द्यावा लागतो. मडगार्डचा ओठ आत वळलेला असतो. तिथे एकसंध साचा घेतला तर नग आत अडकून बसणार, शेवटी साचा तरी फोडावा लागणार किंवा नग तरी. म्हणून साचा दोन तुकड्यांत घ्यायचा, मध्ये फ्लँज काढून बोल्टने आवळायचा. ही फाळणी कुठून जाईल तेही मास्टर करणाऱ्यानेच आधी ठरवायचं असतं. शक्यतो एखाद्या धारेवरून न्यायची, म्हणजे सांध्याची रेघ पुढे घासून लपवता येते. यानंतर मेणाचे हात, पीव्हीए, जेलकोट, मॅट. ते सगळं ठरलेल्या क्रमाने होतं.

हे कसब गिरणगावात आलं कुठून? माझे वडील गिरणीच्या मेकॅनिक खात्यात पॅटर्नवाले सुतार होते. यंत्राचं दातेरी चाक मोडलं की त्याची लाकडी प्रतिकृती ते करायचे, मग ती वाळूत दाबून लोखंड ओतलं जायचं. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण एक सूत. म्हणून त्यांची पट्टीच वेगळी होती. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढाच मोठा, म्हणजे लाकूड मोजून कापलं की आकसण्याचा हिशेब आपोआप धरला जायचा. ती पट्टी पोरांच्या हाती लागली की घरात आरडाओरडा व्हायचा. बारीक कल, सांधा, आकसणं, नग सुटण्याचा विचार, हे सगळं मी त्यांच्या रंध्याजवळ उभा राहून उचललं.

दुसरी शाळा मूर्तिकारांची. गणेशगल्लीचं मंडळ 1928चं, लालबागच्या राजाचं 1934चं. या दोन नावांभोवती आणि त्यांच्या आसपास परळपर्यंत मूर्तिकारांचे कारखाने वाढले. 2017 साली गेलेल्या विजय खातूंसारख्यांनी मुंबईला उंच मूर्तीची सवय लावली. वीस फुटांची मूर्ती समोरून मोजून बरोबर असून भागत नाही. ती खालून, गर्दीतून, मान वर करून बघणाऱ्याला बरोबर दिसावी लागते. हे ज्ञान मोटारीला लागू पडतं, हे मला एका मूर्तिकार मित्राने शिकवलं.

एका गाडीच्या दरवाजाचा मास्टर मी केला होता. पट्टी लावली की कुठेही उजेड दिसत नव्हता, इतका सरळ. हा मित्र चहाला आला, लांबून बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, माप बरोबर आहे, पण दरवाजाचं पोट आत गेलंय." मी पट्टी लावून दाखवली. त्याने पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही. शाडूचा गोळा घेतला, दरवाजाच्या मध्यावर पसरला आणि कडेकडे शून्यावर आणत नेला. मध्यावर फार तर दोन सूत चढवलं असेल. आम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेलो. दरवाजा तिथून भरलेला, ताठ दिसत होता. मोठा पत्रा अगदी सपाट ठेवला तर डोळ्याला तो खचलेला भासतो. त्याला किंचित फुगवटा द्यावाच लागतो. मोटारीचे आकार करणाऱ्या जगभरच्या कारागिरांना हे ठाऊक आहे. मला ते लालबागच्या शाडूने समजावलं.

माझा मुद्दा इथेच आहे. या कामाला सुताराचं माप लागतं आणि मूर्तिकाराची नजर लागते. गिरणगावात ही दोन्ही माणसं चालत जाण्याच्या अंतरावर होती. करी रोडला काही अडलं की चिंचपोकळीला विचारायचं, तिथे नाही जमलं तर परळला. जोडीला डेंटर, रंगारी, वेल्डर, पडदे आणि सेट रंगवणारे. असा शेजार कुठल्याही औद्योगिक वसाहतीत प्लॉट वाटून तयार होत नाही. तो पिढ्यांनी जमतो आणि मोडायला मात्र फार वर्षं लागत नाहीत.

तो मोडला कसा, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. 18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला आणि गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्या नाहीत. 1991च्या विकास नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले, 2001च्या दुरुस्तीने त्या वाटणीतला मोकळ्या जागेचा आणि घरांचा हिस्सा रोडावला. इंडस्ट्रियल इस्टेटींतले गाळे एकेक करत ऑफिसं, स्टुडिओ आणि हॉटेलं झाले. पॅटर्नवाल्यांची पोरं फर्निचरच्या ठेक्यांत गेली, कारण तिथे रोजचा रोज पैसा मिळतो. उरलीसुरली गैरसोय पुलाने केली. लोअर परळचा पूल 24 जुलै 2018ला बंद झाला आणि पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर 2023 उजाडला. आठ फुटी साचा टेम्पोत घालून वळसे घेत न्यायचा म्हटलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "मग तुम्ही वसईलाच का जात नाही?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याला सरळ उत्तर देतो. फायबर भरण्याचं काम वसईला जावं, गेलंच पाहिजे. स्टायरीनचा वास, काचेच्या तंतूंची खाज, पेट घेणारं रेझिन, हे लोक राहतात त्या इमारतीखाली नको. कोबाल्ट आणि हार्डनर चुकून थेट एकत्र आले तर भडका उडतो, हे माझ्या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो. कमला मिलच्या आगीत 29 डिसेंबर 2017ला चौदा माणसं गेली. ती आग हॉटेलांतली होती. पण तिच्यानंतर या भागात ज्वलनशील मालाचा साठा मागणाऱ्याने आधी आरशात बघावं. मी तो मागत नाही. मी मागतोय ती जागा फर्मे कापण्याची, लाकूड आणि फोम तासण्याची, शाडू चढवण्याची. धूळ ओढणारं यंत्र लावलं की हे काम एखाद्या फर्निचरवाल्याच्या गाळ्याइतकंही त्रासाचं नाही. मास्टर इथे व्हावा, साचा आणि नग बाहेर व्हावेत.

आता हमखास विचारला जाणारा दुसरा प्रश्न: कॉम्प्युटर आला, स्कॅनर आला, सीएनसी आलं, मग हाताने कशाला घासत बसता? स्कॅनरचं मी स्वागतच करतो. फर्मे कापण्यात जाणारा वेळ तो वाचवतो. पण त्या फियाटचं डावं मडगार्ड स्कॅन केलं तर कॉम्प्युटरमध्ये चाळीस वर्षांचे ठोकेही इमानाने येतात. त्यातलं मूळ काय आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाल्यावर बेस्टच्या बसने दिलेलं काय, हे माणसालाच ठरवावं लागतं. यंत्राने कोरलेल्या अंगावर कटरच्या पायऱ्या राहतात, त्याही पट्टीनेच घासाव्या लागतात. जनरल मोटर्समध्ये हार्ली अर्ल यांनी 1920च्या दशकात मोटारीचे आकार मातीत घडवण्याची पद्धत रुजवली. त्याच कंपनीची फायबर बॉडीची कॉर्व्हेट 1953ला आली, पहिल्या वर्षी फक्त तीनशे गाड्या. शंभर वर्षं होत आली तरी मोठ्या मोटार कंपन्यांच्या डिझाइन स्टुडिओंत पूर्ण मापाची मातीची गाडी अजून उभी राहते. अब्जावधी रुपये हाताशी असलेल्या कंपन्यांना पडद्यावरचा आकार पुरेसा वाटत नाही, तिथे आपण कोण मोठे लागून गेलो?

आणि याला गिऱ्हाईक नाही, हा समजही खोटा. पत्रा दाबण्याची डाय करायची तर एकेका पॅनलमागे लाखो रुपये लागतात. हजारोंनी गाड्या निघणार असतील तरच ते परवडतं. इलेक्ट्रिक रिक्षा, छोटी मालवाहू गाडी, फिरता दवाखाना, जाहिरातीतली गाडी, यांना पहिले पन्नास नग हवे असतात. फायबरच्या चांगल्या साच्यातून शे-दोनशे नग सहज निघतात. हॉस्पिटलच्या यंत्रांची कव्हरं, रंगभूमीचे सेट, मंडळांचे रथ, सगळीकडे हेच कसब लागतं. पवईला आयआयटीच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात मुलं वाहनांचं डिझाइन शिकतात. ती कागद घेऊन इथे येतात तेव्हा त्यांचा आकार हातात येईपर्यंत समजावून देणारं कुणीतरी इथे असायला हवं.

कायद्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण आमच्या धंद्याकडे आरटीओ संशयाने बघते आणि त्याला कारण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावलं. गाडीच्या पुढे लोखंडी गार्ड लावण्याला केंद्राने 2017च्या अखेरीस मनाई केली, तीही योग्यच. रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाशी खेळ करून गाडी देखणी करायची नसते. आतला लोखंडी आधार काढून नुसता फायबरचा देखणा बंपर बसवून मागणारा आला तर कारागिराने त्याला दारातून परत पाठवावं.

पण जुन्या गाड्यांचं प्रकरण वेगळं आहे. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेल्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै 2021मध्ये वेगळी नोंदणी आणली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अट चांगली आहे. मात्र बोल्टने बसणारं, सडलेलं मडगार्ड काढून त्याच आकाराचं फायबरचं बसवलं तर तो फेरफार धरायचा की दुरुस्ती, हे तपासणाऱ्याच्या मनावर राहता कामा नये. सुटे होणारे, गाडीच्या ताकदीशी संबंध नसलेले बाहेरचे भाग मूळ आकारात केले असतील तर ती दुरुस्ती, एवढं एक स्पष्टीकरण काढावं. बदल्यात आमच्यावरही बंधन घाला. प्रत्येक नगाच्या आतल्या बाजूला करणाऱ्याचं नाव, वर्ष आणि 'प्रतिकृती' हा शब्द साच्यातूनच उमटलेला असावा. म्हणजे खरेदी करणारा फसणार नाही आणि वाईट काम करणारा लपणार नाही.

2023च्या सप्टेंबरात बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर रस्त्यावरून गेली. ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, कारण ताडदेवला शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003ला नोंदली गेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. निरोपाला फोटो निघाले, हार पडले, डोळे पाणावले. या गाड्यांचे फर्मे घेऊन ठेवावेत असं मात्र फारसं कुणाला सुचलं नाही. फोटोवरून मडगार्ड करता येत नाही. त्यासाठी मापं लागतात.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत आणि तिन्ही फार खर्चाच्या नाहीत.

पहिली, जागा. ना. म. जोशी मार्गावरच्या, म्हणजे आमच्या डिलाईल रोडवरच्या, बत्तीस बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. वरळीच्या साडेपाचशेवर कुटुंबांना ऑगस्ट 2025मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, आमच्याकडच्यांनाही लवकर मिळोत. पण घरासोबत काम हवं. गाड्या उभ्या करायला मजलेच्या मजले राखले जातात, त्यातला एक कोपरा गाड्या घडवणाऱ्यांना द्या. धूळ ओढायची सोय, रेझिनला सक्त मनाई, भाडं बाजारभावाने नव्हे तर कारागिराला झेपेल असं. जागा सोन्याच्या भावाची आहे, मान्य. पण ज्यांच्या घामावर ती सोन्याची झाली त्यांच्या नातवंडांनी तिथे फक्त सिक्युरिटीचा गणवेश घालून उभं राहावं, हे मला मान्य नाही.

दुसरी, शिक्षण. आयटीआयमधला सुतारकामाचा आणि डेंटिंग-पेंटिंगचा मुलगा, जे.जे.मधला शिल्पकलेचा विद्यार्थी आणि लालबागचा मूर्तिकार यांना एका टेबलाभोवती बसवणारा सहा महिन्यांचा वर्ग सुरू करा. नवरात्र उरकलं की मूर्तिकारांना उसंत मिळते. दिवाळीनंतरचे ते महिने शिकवण्यासाठी वापरता येतील. शिकवणाऱ्याकडे पदवी नसेल तर त्याच्याकडून काम करून घेऊन त्याची परीक्षा घ्या, पण पदवी नाही म्हणून मानधन अडवू नका.

तिसरी, फर्म्यांचा संग्रह. पद्मिनी, जुनी डबलडेकर, जुनी रिक्षा, अशा शहराच्या ओळखीच्या वाहनांचे बाहेरचे आकार मोजून, स्कॅन करून, प्लायच्या फर्म्यांसकट एका ठिकाणी जपा. बेस्टचं संग्रहालय आहे, जुन्या गाड्यांचे क्लब आहेत, हौशी मालक आहेत. सगळ्यांनी मनावर घेतलं तर हे काम सरकारी निधीवाचूनही सुरू होऊ शकतं.

वाचकांपैकी कुणाच्या दारात जुनी फियाट किंवा स्कूटर गंजत उभी असेल, त्यांनी ती भंगारात देण्याआधी एखाद्या सुताराला बोलावून तिच्या मडगार्डचे, बॉनेटचे फर्मे कापून घ्यावेत आणि त्यावर गाडीचं नाव, वर्ष, बाजू लिहून ठेवावी. आणि डिलाईल रोड, लालबाग, परळच्या रहिवाशांनी आपापल्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत कार्पेट एरिया आणि पार्किंगसोबत आणखी एक प्रश्न विचारावा: कारागिराचा गाळा कुठे आहे? आराखड्यावर शेवटची सही होण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.